‘वजन वाढवा’ ते ‘वजन कमी करा’ : परळ, शिवडी, दादर आणि डाऊन सिंड्रोम असलेली मुलं

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचं वजन, आहार आणि व्यायाम हा विषय घेतला की बहुतेक विद्यार्थी थेट गेल्या दहा वर्षांतले पेपर डाउनलोड करतात आणि साहित्याचा आढावा लिहायला बसतात. ते करायलाच हवं. पण त्या पेपरांमध्ये एक गोष्ट सहसा सापडत नाही. हा प्रश्न ‘प्रश्न’ म्हणून कधी उभा राहिला? डाऊन सिंड्रोमचं वर्णन १८६६ सालचं आहे. मग या मुलांच्या लठ्ठपणावर गंभीर मोजमाप व्हायला १९८० आणि १९९० ची दशकं का उजाडावी लागली? आजची पोस्ट याच ‘उशिरा’वर आहे.

आधी एक विसंगती लक्षात घेऊ. डाऊन सिंड्रोम असलेलं बाळ जन्मलं की पहिली दोन-तीन वर्षं घरच्यांना एकच सूचना मिळत असते: वजन वाढवा. जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयदोष असतो, स्नायू सैल असतात, दूध ओढताना दम लागतो. शस्त्रक्रिया करायची तर वजन हवं. आई चमच्या-चमच्याने भरवते, रात्री उठून भरवते. मूल पाच-सहा वर्षांचं होतं आणि सूचना उलटते: वजन वाढलंय, कमी करा, लाड बंद करा. कधीकधी दोन्ही सूचना एकाच हॉस्पिटलच्या एकाच फाइलमध्ये असतात आणि त्यांच्यामध्ये जेमतेम तीन वर्षांचं अंतर असतं.

माझा मुद्दा असा की या तीन वर्षांत त्या कुटुंबाला जे वळण घ्यावं लागतं, ते घ्यायला वैद्यकशास्त्राला शंभराहून जास्त वर्षं लागली. तो इतिहास माहीत नसला की दोष सरळ आईच्या पदरात पडतो.

१८६६ : डाऊन यांनी काय खायला सांगितलं होतं?

जॉन लँग्डन डाऊन हे इंग्लंडमधल्या अर्ल्सवुड इथल्या संस्थेचे वैद्यकीय प्रमुख होते. त्यांचा १८६६ चा निबंध जेमतेम काही पानांचा आहे. तो आज आठवला जातो मुख्यतः त्यातल्या वंशवादी वर्गीकरणासाठी. या मुलांना त्यांनी ‘मंगोल’ वंशाच्या नावाने ओळखलं आणि ते नाव पुढे जवळपास शंभर वर्षं चिकटून राहिलं. काही शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून ते बदलायची मागणी केली आणि मंगोलियाच्या आक्षेपानंतर १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते सोडलं.

पण हा निबंध शेवटपर्यंत वाचा, कारण त्यात आहाराबद्दल एक वाक्य आहे. या मुलांना नत्रयुक्त, म्हणजे आजच्या भाषेत प्रथिनयुक्त अन्न भरपूर द्यावं आणि सोबत स्निग्ध पदार्थही चांगल्या प्रमाणात द्यावेत, असं डाऊन सांगतात. व्यायामाबद्दलही ते बोलतात: पद्धतशीर सरावाने हाताचं कसब वाढतं आणि जिभेच्या व्यायामाने बोलणं सुधारतं. तूप-लोणी द्या आणि हालचालींची सुसूत्रता शिकवा, असा एकूण सूर. वजन कमी करण्याचा विचार कुठेच नाही.

का नाही, याचं उत्तर त्याच निबंधात आहे. या मुलांचं आयुष्य कमी असतं आणि त्यांचा कल क्षयाकडे असतो, असं डाऊन यांचं निरीक्षण होतं. ज्या काळात भीती क्षयाची आहे, त्या काळात रोडावणं हीच धोक्याची खूण. तिथे स्निग्ध अन्न हाच शहाणा सल्ला होता. आजच्या तक्त्यावर ठेवून तो ‘चुकीचा’ ठरवणं म्हणजे इतिहास न समजणं. सल्ला बदलला, कारण मरणाचं कारण बदललं.

आकडे बघू. लायोनेल पेनरोज यांच्या अंदाजानुसार ब्रिटनमध्ये या मुलांचं सरासरी आयुर्मान १९२९ च्या सुमारास ९ वर्षं आणि १९४९ मध्ये १२ वर्षं होतं. अमेरिकेतल्या मृत्युनोंदींनुसार मृत्यूसमयीचं मध्यक वय १९८३ मध्ये २५ होतं, १९९७ मध्ये ४९. आज प्रगत देशांत ते साठीच्या आसपास धरतात. हे आकडे ब्रिटन आणि अमेरिकेचे आहेत, ते उचलून लालबागवर चिकटवू नका. पण दिशा स्पष्ट आहे. बारा वर्षं जगणाऱ्या मुलाच्या बाबतीत चाळिशीतल्या मधुमेहाची काळजी कोण करणार? वजनाचा प्रश्न हा जगण्याचा परिणाम आहे. मुलं जगायला लागली, म्हणून तो दिसायला लागला.

परळ-शिवडी : एका मैलातल्या तीन काळज्या

आता आपल्या मुंबईत येऊ. परळ-शिवडीचा पट्टा या इतिहासासाठी फार सोयीचा आहे, कारण या बदलाचे टप्पे इथे चालत जाण्याच्या अंतरावर उभे आहेत.

केईएम हॉस्पिटल आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ चे. शेजारचं बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ चं. आजूबाजूला गिरण्या, चाळी, दहा बाय बाराच्या खोल्या आणि दाट वस्ती. पलीकडे शिवडीला पालिकेचं क्षयरोग रुग्णालय. या परिसरात बालआरोग्य म्हणजे जुलाब, गोवर, न्यूमोनिया, क्षय आणि कुपोषण. मुलाचं वजन हा जगण्याचा पुरावा होता. मराठीत आपण ‘बाळसं धरलंय’ म्हणतो, त्यात कौतुक आहे. ‘हाडं दिसतात’ म्हणतो, त्यात काळजी आहे. गुटगुटीत मुलाला दृष्ट लागते, किडकिडीत मुलाला नाही. शब्दांतच अख्खं आरोग्यशास्त्र बसलेलं आहे, आणि गिरणगावासाठी ते खोटं नव्हतं.

या पट्ट्यातली दुसरी काळजी शिक्षणाची. जय वकील यांनी १९४४ मध्ये, डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीच्या निमित्ताने, विशेष काळजीची गरज असलेल्या मुलांसाठी शाळा सुरू केली. ती पुढे शिवडीत वाढली आणि आज जय वकील फाउंडेशन म्हणून ओळखली जाते. तारखेकडे नीट बघा. डाऊन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाचं गुणसूत्र जास्तीचं असतं हे पॅरिसमधल्या मार्थ गोतिए, जेरोम लजून आणि रेमाँ त्युर्पँ यांच्या कामातून १९५९ मध्ये समोर आलं. म्हणजे शिवडीची शाळा ‘कारण’ कळण्याआधी पंधरा वर्षं सुरू झालेली आहे. कारण माहीत नसताना एका आईने प्रश्न विचारला की माझ्या मुलीला शिकवता येईल का? तो प्रश्न वजनाचा नव्हता आणि तेव्हा असायचं कारणही नव्हतं.

तिसरी काळजी हृदयाची. डॉ. पी. के. सेन यांनी केईएममध्ये फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. ही घटना डाऊन सिंड्रोमशी थेट संबंधित नाही, पण हृदय उघडून दुरुस्त करण्याचं धाडस परळमध्ये कधी आलं हे त्यातून कळतं. जगभरात पुढच्या दोन-तीन दशकांत जन्मजात हृदयदोषांवरच्या शस्त्रक्रिया रुळल्या, आणि डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचं आयुष्य वाढण्यामागे त्यांचा मोठा वाटा आहे.

आता गंमत बघा. हॉस्पिटलने हृदय, संसर्ग आणि जगणं पाहिलं. शाळेने शिकणं, बोलणं, स्वावलंबन पाहिलं. वजन कोणाच्या खात्यात? दोन्ही ठिकाणी वजनकाटा असतो, पण हॉस्पिटलमध्ये तो औषधाचा डोस ठरवायला लागतो. काही गोष्टी संस्थांच्या मधल्या फटीत पडतात. संशोधकाने त्या फटीच शोधायच्या असतात.

‘खातो फार’ हे खरं आहे का?

लठ्ठपणा दिसायला लागल्यावर पहिलं स्पष्टीकरण तयारच होतं: खातात फार, हालत नाहीत, घरचे लाड करतात. शिकागोतल्या एमी ल्यूक आणि सहकाऱ्यांनी हे १९९४ मध्ये मोजून पाहिलं. समस्थानिकयुक्त पाणी पाजून शरीर दिवसभरात किती ऊर्जा खर्च करतं हे काढण्याची एक पद्धत आहे, ती त्यांनी वयात न आलेल्या मुलांवर वापरली. निष्कर्ष असा की डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचा स्वस्थ बसलेल्या अवस्थेतला ऊर्जाखर्चच कमी होता. याच गटाने १९९६ मध्ये आहार मोजला. ही मुलं शिफारशीपेक्षा जास्त नाही, उलट कमीच ऊर्जा खात होती. शिवाय काही जीवनसत्त्वं आणि खनिजंही अपुरी पडत होती.

या दुसऱ्या निष्कर्षाचा व्यवहारातला अर्थ फार मोठा आहे. ‘एक पोळी कमी द्या, भात बंद करा’ असा सरसकट सल्ला दिला, तर आधीच कमी पडणारं लोह, कॅल्शियम आणखी कमी होईल. ताटाचा आकार जवळजवळ तोच ठेवून ताटातलं बदलावं लागतं: बिस्किट, वेफर्स, फरसाण, साखरेचा चहा बाजूला, उसळ, अंडं, मासे, भाजी, ताक आत. इथे आणखी एक अडचण असते. या मुलांचे दात उशिरा येतात, जिभेचे आणि जबड्याचे स्नायू सैल असतात, चावायला त्रास होतो. म्हणून मऊ वरणभात, चहात बुडवलेलं बिस्किट हे लहानपणीचं खाणं लांबत जातं. याला सरसकट ‘हट्ट’ म्हणू नये. चावायला शिकवणं हा आहारोपचाराचाच भाग आहे, आणि इथे डाऊन यांचा जिभेचा व्यायाम वेगळ्या कारणाने परत येतो.

मात्र ल्यूक यांचा अभ्यास लहान होता, मुलं मोजकी होती. पुढे २००५ मध्ये बो फर्नहॉल यांच्या गटाला लठ्ठ प्रौढांमध्ये असा फरक आढळला नाही. म्हणजे ‘चयापचय मंद असतो’ हे वाक्य प्रबंधात लिहिताना कोणत्या वयात, किती जणांवर, कशाशी तुलना करून, हे लिहावंच लागेल. शिवाय थायरॉइडची कमतरता आणि झोपेत श्वास अडखळणं या दोन्ही गोष्टी या मुलांमध्ये जास्त आढळतात आणि दोन्हींचा वजनाशी संबंध आहे. त्या न तपासता आहारतक्ता देणं म्हणजे गळका नळ सोडून फरशी पुसणं.

कोणत्या तक्त्यावर ठेवायचं?

आता मापनाचा मुद्दा. पीएचडीच्या मुलाखतीत हमखास विचारतील असा. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांची उंची कमी असते, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे वाढीचे तक्ते हवेत असं ठरलं. क्रिस्टीन क्रॉन्क आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ७३० अमेरिकन मुलांवरून ते केले. फिलाडेल्फियाच्या बॅबेट झेमेल यांच्या गटाने २०१५ मध्ये ६३७ मुलांवरून नवे तक्ते दिले. दोन्हींची तुलना केली तर तीन वर्षांखालच्या मुलांचं वजन आधीपेक्षा स्पष्ट सुधारलेलं दिसतं. ‘वजन वाढवा’ ही सूचना यशस्वी झाल्याची ही नोंदच आहे.

पण वेगळ्या तक्त्यात एक सापळा असतो. गटातच लठ्ठपणा जास्त असेल, तर गटाच्या तक्त्यावर लठ्ठ मूलही ‘सरासरी’ दिसतं. चरबीचं प्रत्यक्ष मोजमाप करून पाहिल्यावर मोठ्या मुलांसाठी सर्वसाधारण बीएमआय तक्ताच जास्त बरोबर इशारा देतो असं दिसलं. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०२२ च्या मार्गदर्शनानेही दहा वर्षांनंतर बीएमआयसाठी सर्वसाधारण तक्ता वापरायला सांगितलं. उंची वेगळ्या तक्त्यावर, बीएमआय सर्वांच्या तक्त्यावर, अशी ही तडजोड आहे.

भारतात आणखी एक थर आहे. भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे ५ ते १८ वर्षांचे तक्ते, ज्यांच्यामागे पुण्याच्या खाडीलकर दांपत्याचं मोठं काम आहे, प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयला जुळणाऱ्या रेषा वापरतात. म्हणजे धोक्याची रेषा पाश्चात्त्य २५ आणि ३० पेक्षा खाली. कारण त्याच वजनाला भारतीय शरीरात चरबी जास्त असते, पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ज्याला ‘बारीक पण चरबीयुक्त’ भारतीय बाळ म्हटलं तो हा मुद्दा. तेव्हा दादरचं एखादं मूल कोणत्या तक्त्यावर ठेवलं यावर ते ‘ठीक’ की ‘लठ्ठ’ हे बदलू शकतं. तक्ता निवडणं हा संशोधनातला निर्णय आहे आणि तो कारणासकट लिहायचा असतो.

दादर : तालीम, खुराक आणि मान

व्यायामाचा इतिहास बघायचा तर दादरला जावं लागतं. शिवाजी पार्कचं श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं. मल्लखांब, दंड-बैठका, लेझीम हे सगळं बलोपासनेच्या परंपरेतलं. या परंपरेत व्यायामाचा उद्देश बळ कमावणं हा आहे. तालमीबरोबर खुराक येतो: दूध, बदाम, तूप. व्यायाम म्हणजे वजन उतरवणं ही कल्पना आपल्याकडे त्या मानाने नवी. त्यामुळे ‘मुलाला व्यायाम लावा’ म्हटलं की घरात व्यायामाबरोबर दुधाचा पेलाही वाढतो. सल्ला देणाऱ्याला जे म्हणायचं असतं आणि ऐकणाऱ्याच्या भाषेत त्याचा जो अर्थ असतो, त्यातली ही दरी आहे.

दुसरी बाजूही बघा. याच व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. मल्लखांब मुली, दिव्यांग, अनाथ आणि आदिवासी मुलांपर्यंत नेल्याबद्दल त्यांचं नाव घेतलं जातं. व्यायामशाळा ‘बलवानांसाठी’ या चौकटीतून बाहेर येऊ शकते, हे त्यातून दिसतं.

डाऊन सिंड्रोमच्या बाबतीत दोन गोष्टी प्रशिक्षकाला माहीत हव्यात. पहिली, मानेची. वरच्या दोन मणक्यांमधले अस्थिबंध सैल असल्याने काही मुलांत तिथे अस्थिरता असते. स्पेशल ऑलिंपिक्सने १९८३ मध्ये यासाठी एक्स-रे सक्तीचा केला आणि अमेरिकन अकादमीने १९८४ मध्ये त्याला दुजोरा दिला. पण साध्या एक्स-रेवरून पुढचा धोका सांगता येत नाही असं लक्षात आल्यावर १९९५ मध्ये अकादमीने ती शिफारस मागे घेतली. आज भर लक्षणांवर असतो: मान दुखणं, चाल बदलणं, हातातली शक्ती जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं. कोलांटी, शीर्षासन, मल्लखांबावरचं डोकं खाली पाय वर, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

दुसरी, नाडीची. या मुलांच्या हृदयाचे कमाल ठोके इतरांपेक्षा मिनिटाला साधारण २५ ते ३० नी कमी असतात. ‘२२० वजा वय’ हे सूत्र लावलं तर मूल जीव तोडून पळतंय आणि कागद म्हणतोय अजून पळव. ‘आळशी आहे’ हा शिक्का बऱ्याचदा इथून येतो.

मग चालतं काय? नुसत्या व्यायामाने वजन फारसं उतरत नाही; ताकद, दम आणि तोल मात्र सुधारतो. डेल उलरिच यांच्या गटाने २०११ मध्ये ८ ते १५ वर्षांच्या मुलांना दोन चाकी सायकल शिकवून पाहिली. पाच दिवसांत निम्म्याहून थोडी जास्त मुलं शिकली, आणि जी शिकली ती वर्षभरानंतर कमी वेळ बसून राहत होती. ‘रोज अर्धा तास व्यायाम’ या फर्मानापेक्षा आयुष्यभर पुरेल असं एक कौशल्य जास्त कामाचं ठरतं. आपल्याकडे लेझीमवर असा अभ्यास कोणी का करू नये? ताल आहे, गट आहे, गणपतीत गल्लीत मान आहे.

सायकल चालवायची कुठे?

हा प्रश्न खिजवण्यासाठी नाही. गिरण्यांचा संप १९८२ चा. त्यानंतर १९९१ च्या विकास नियमावलीतल्या नियम ५८ नुसार गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. मग २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती दुरुस्ती कायम ठेवली. लालबाग-परळला मिळू शकणारी मैदानं त्यात आक्रसली. कुठल्याही मुलाचं यात नुकसान झालं, पण जे मूल रस्ता एकटं ओलांडू शकत नाही त्याचं जास्त. ‘शारीरिक हालचाल अपुरी’ असं प्रश्नावलीत लिहिताना हा नियम ५८ सुद्धा तुमच्या चलांमध्ये आहे हे विसरू नका.

चाळीचं आणखी एक. गॅलरीतल्या मुलाला खाऊ एकटी आई देत नाही. शेजारची काकू लाडू देते, वाण्याकडे गोळी मिळते, देवळात प्रसाद मिळतो. फक्त आईला विचारून चोवीस तासांच्या आहाराची नोंद घेतली, तर अर्धं निसटेल. इथे आहाराचं एकक स्वयंपाकघर नसून मजला असू शकतो.

तर संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी यातून काय घ्यावं? प्रस्ताव लिहिताना ‘पालकांमधील अज्ञान’ हे कारण म्हणून टाकण्याआधी थांबा. ज्या आईने तीन वर्षं डॉक्टरांचंच ऐकून वजन वाढवलं, तिला अज्ञानी म्हणता येणार नाही. ती कालचा बरोबर सल्ला आजही पाळते आहे, इतकंच. सूचना कधी बदलली, कोणी बदलली आणि बदलताना तिला कारण सांगितलं का, हे विचारा. मुलाखतीच्या आराखड्यात एवढे तीन प्रश्न जरी घातले, तरी तुमचा प्रबंध आईला दोष देणाऱ्या ढिगाऱ्यात जाणार नाही आणि त्यातून निघणारा सल्लाही तिच्या उपयोगी पडेल.